थोडे म्हणजे किती

"चार सकाळी, चार रात्री. मध्ये बारा तासांचं अंतर. खाऊन झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ग्लासभर पाण्याबरोबर. चौदा दिवस घ्यायच्या, मग सात दिवस सुट्टी. म्हणा बघू."

टेबलापलीकडच्या माणसाने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शाळेत पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"वा! पहिल्या झटक्यात पास," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर लोक माझ्याकडून तीन-तीनदा वदवून घेतात."

"एकतीस वर्षं हेच केलं, सिस्टर. पाणी खात्यात होतो. पहाटे पावणेपाचला वरच्या भागाची चावी उघडायची, सव्वासहाला मिटायची, मग खालच्या भागाची. चावीवाला म्हणूनच ओळखतात मला. माझ्यामुळे अर्ध्या गावाच्या आंघोळी वेळेवर झाल्या."

"घरची सोडून," शेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली. "आमच्या नळाला पाणी यायचं तेव्हा हे दुसऱ्याच्या गल्लीत."

तिघेही हसले. सिस्टर तर मनापासून हसल्या, कारण ह्या पेशंटशी हसायला हरकत नव्हती. चावीवाल्यांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ महिन्यापूर्वीच काढून झाली होती, आणि कडेचा भाग स्वच्छ निघाला असं ऑपरेशनच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. गोळ्या फक्त खबरदारीच्या, एखादा कण कुठे दडून राहिला असला तर त्यासाठी. त्या खोलीत असे पेशंट कमीच येत. बाकीच्यांसमोर सिस्टरांना हसू उसनं आणावं लागे.

"आता नीट ऐका, भाऊ. थोडं तोंड येईल. तळहात, तळपाय लाल होतील. थोडे जुलाबही होतात. त्याला घाबरायचं नाही. लोक काय करतात, जरा काही झालं की मनानेच गोळी सोडतात आणि मग पस्तावतात. तुम्ही गोळी सोडायची नाही. एकही चुकवायची नाही. काही वाटलं तर ह्या कार्डावर नंबर आहे."

"मी चुकवू देईन होय?" बायको म्हणाली. "मी स्वतः हातावर ठेवीन."

"मग माझी काळजी मिटली, वहिनी," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी बाहेर पुढचा नंबर पुकारला. घड्याळात सात मिनिटं झाली होती. एका पेशंटला सातच मिनिटं असत, आणि बाहेरच्या बाकावर अजून अकरा जण होते.

सिस्टर ह्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं होत्या. लग्न झालं नव्हतं. आईचं शेवटचं दुखणं काढता काढता ते राहून गेलं आणि मग कोणी विषय काढेनासं झालं. पूर्वी त्या सलाइनच्या वॉर्डात असत. तेव्हा हे सगळं औषध शिरेतूनच जायचं. पेशंट चार-चार तास खुर्चीत बसून असत आणि सिस्टर एकेकाजवळ जाऊन जीभ बघत, हात उलटेपालटे करून बघत, काल काय खाल्लं, पोट कसं आहे, झोप लागली का, असं विचारत सुटत. वॉर्डबॉय त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एखाद्याची जीभ आवडली नाही की त्या सरळ डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहत. "आज ह्यांना लावायला नको, सर." डॉक्टर कुरकुरत, पण थांबवत. असे किती डोस आपण थांबवले ह्याचा सिस्टरांनी कधी हिशेब ठेवला नव्हता.

मग गोळ्या आल्या. खुर्च्या रिकाम्या झाल्या, पेशंटचे हेलपाटे वाचले, हॉस्पिटलने भिंतीवर 'उपचार आता घरच्या घरी' असा मोठा फलक लावला. गुडघे दुखतात म्हणून सिस्टरांना मोडक्या व्हीलचेअर ठेवायची एक खोली रिकामी करून दिली गेली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट. औषध तेच, विषारीपणाही तोच. फक्त आता ते पिशवीत घालून माणूस घरी जायचा आणि तीन आठवडे त्याची जीभ कोणाला दिसायची नाही.

सिस्टरांना हे कळत नव्हतं असं नाही. वर्षापूर्वी त्यांनी अर्ज दिला होता: गोळ्या सुरू झाल्यावर पाचव्या आणि दहाव्या दिवशी प्रत्येक पेशंटला फोन करायला एक माणूस द्यावा. दोन महिन्यांनी उत्तर आलं, मनुष्यबळ उपलब्ध नाही. तो कागद त्यांनी कपाटात ठेवला. आपण सांगायचं काम केलं, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि पुढचा नंबर पुकारला.

चावीवाले पहिल्यांदा आले तो सोमवार होता; गोळ्या मंगळवारी सकाळी सुरू झाल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सिस्टर फॉर्म आणायला तातडीच्या विभागातून चालल्या होत्या, तर भिंतीशी टेकून वहिनी उभ्या दिसल्या. केस विंचरलेले नव्हते आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"वहिनी? आज तर तुमची तारीख नाही."

"हे आत आहेत. पोट बिघडलंय. दोन्ही हातांना सलाइन लावलंय."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून. तुम्ही म्हणाला होतात ना, थोडे जुलाब होतात."

"किती वेळा जात होते?"

"गुरुवारी सात-आठदा. शुक्रवारी मोजायचं सोडून दिलं. शनिवारी तर मी संडासाच्या दाराशीच सतरंजी टाकून दिली. उठ-बस करायचं त्राणच नव्हतं हो. तोंडाच्या आत सालपटं निघालेली, पाणीसुद्धा झोंबत होतं."

सिस्टरांनी फॉर्म काखेत धरले. पुढचा प्रश्न विचारायची त्यांची इच्छा नव्हती.

"आणि गोळ्या?"

वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "एकही चुकवली नाही. काल रात्रीसुद्धा चार घेतल्या. आज सकाळच्या तेवढ्या राहिल्या. शुद्धच नव्हती, कशा देणार? चालेल ना?"

सिस्टर आतल्या दाराकडे बघू लागल्या.

"चालेल ना, सिस्टर?"

"फोन का नाही केलात?"

"केला की! शनिवारी. कार्डावरच्या नंबरावर. ती बाई म्हणाली, विभाग बंद आहे, सोमवारी या. अर्जंट असेल तर लगेच आणा. मी म्हटलं, अर्जंट म्हणजे काय? तर म्हणाली, त्यांना काय होतंय? मी म्हटलं, थोडे जुलाब. मग ती म्हणाली, त्याला काय, सोमवारी आणा."

चावीवाल्यांना हलवलं त्या अतिदक्षता विभागात एक तरुण डॉक्टर होता. बोलायला तुटक, पण कामाला चोख. सिस्टर दर दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन काचेबाहेर उभ्या राहत. बुधवारी तो स्वतःच बाहेर आला.

"पांढऱ्या पेशी संपल्यात. आतड्याचं अस्तर गळून पडलंय. इन्फेक्शन रक्तात गेलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुवारी थांबवल्या असत्या ना, सिस्टर, तर आज घरी असते. हा माणूस आजाराने चाललेला नाही. त्याला आता आजार नव्हताच."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला चावीवाले गेले. त्या वेळी सिस्टर आपल्या खोलीत एका शिक्षकाला सांगत होत्या, चार सकाळी, चार रात्री. बातमी शिपायाने दारातून सांगितली. शिक्षक म्हणाले, "पुढे सांगा." सिस्टरांनी पुढे सांगितलं. जुलाबांशी आल्यावर मात्र त्या अडखळल्या, आणि मग टेबलावरच्या चिठ्ठीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं: दिवसात रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त झाले तर गोळी बंद. त्याखाली त्यांनी आपला स्वतःचा नंबर लिहिला. शिक्षकांनी तो कागद खिशात ठेवला. त्या कागदासाठी किती उशीर झाला होता हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत पेशंट गेला तर त्याची चौकशी करायची असा नियम होता. दहा दिवसांनी, सोमवारी, उपअधीक्षकांनी सिस्टरांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सिस्टरांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"दोनच वाक्यं आहेत. वाचून सही करा."

रुग्णास व नातेवाइकांस सर्व सूचना समजावून देण्यात आल्या होत्या. रुग्णाने त्रास वेळेवर कळवला नाही.

"त्यांनी कळवला होता, सर. शनिवारी."

"थोडे जुलाब, असं कळवलं. ऑपरेटरच्या वहीत तसंच आहे."

"थोडे हा शब्द माझा आहे. मी त्यांना थोडे म्हणाले. थोडे म्हणजे किती, ते नाही सांगितलं. घाबरू नका म्हणाले, एकही चुकवू नका म्हणाले. कधी थांबवायच्या, ते नाही सांगितलं."

"गोळ्यांच्या खोक्यात माहितीपत्रक असतं. त्यात सगळं आहे."

"ते पत्रक उलगडलं तर चादरीएवढं होतं, सर. अक्षरं मुंगीएवढी. तुम्ही वाचलंय कधी पूर्ण?"

उपअधीक्षक कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "सिस्टर, तुमची अडीच वर्षं उरली आहेत. तुम्ही म्हणता तसं लिहून दिलंत तर चूक कोणाकडे येते? हॉस्पिटलकडे नाही. फोनला माणूस नाही दिला म्हणून आमच्याकडेही नाही. ती येते तुमच्याकडे. चौतीस वर्षांवर पाणी. आणि तो माणूस परत येणार आहे का? पुढच्या सोमवारी समिती बसेल. तोवर विचार करा."

सिस्टर कागद घेऊन घरी आल्या. चार दिवस तो त्यांच्या पर्समध्ये होता. रोज त्या तो काढत आणि परत घडी करून ठेवत. सही करायची नाही असं ठरवत, मग भाडं, औषधं, एकटीचं म्हातारपण डोळ्यांसमोर येई आणि सही केली तर कोणाचं काय बिघडतं असं वाटू लागे. मनातल्या मनात त्या दोन्ही बाजूंनी भांडत राहिल्या.

गुरुवारी दुपारी बाकावरची शेवटची बाई गेल्यावर दारात वहिनी उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी होती. आत येऊन त्यांनी टेबलावर एक रुमाल सोडला. त्यात आठ गोळ्या होत्या.

"शेवटच्या दिवसाच्या तेवढ्या उरल्या. महागाची औषधं. कोणा गरजवंताला द्या. बाकी सगळ्या घेतल्या ह्यांनी, तुम्ही सांगितलं तशाच. घड्याळ लावून. शेवटपर्यंत शब्द पाळला तुमचा." त्या जरा थांबल्या. "सगळे म्हणतात, आजारच मोठा होता. पण आपल्याकडून काही कमी पडलं नाही, एवढं समाधान आहे बघा."

सिस्टर उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. गुडघ्यातून कळ गेली.

आपण हे का करतो आहोत, ते त्यांनी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. चार दिवस पर्समधला कागद छातीवर दगडासारखा होता आणि तो कोणाच्या तरी पायाशी ठेवायचा होता, एवढंच त्यांना जाणवत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. जुलाब सुरू झाल्यावर गोळ्या थांबवायला हव्या होत्या. ते आपल्याला माहीत होतं. आपण सांगितलं नाही.

वहिनींनी रुमालाचा काठ बोटाभोवती गुंडाळला.

"थांबवायच्या होत्या?"

"हो. गुरुवारीच."

"थांबवल्या असत्या तर?"

इथे सिस्टर खोटं बोलू शकल्या असत्या. "बहुतेक वाचले असते," त्या म्हणाल्या.

"रविवारी संध्याकाळी ते नको म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, दुकानात काय काय आणायचं ते सांगावं तसा. "दोनदा म्हणाले. तोंड फिरवलं. एवढा बाप्या माणूस, लहान पोरासारखं तोंड फिरवलं. मी म्हटलं, सिस्टरांना शब्द दिलाय आपण. गाल धरून एकेक घातली. तोंडातून रक्त येत होतं, ते पुसलं आणि घातली. चारही."

"वहिनी, चूक तुमची नाही. माझी आहे."

"तुमचीच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण हात माझा होता ना."

त्या उठल्या. गोळ्या टेबलावर ठेवून त्यांनी रुमाल झटकला, घडी केली, पिशवीत टाकला. दाराची कडी काढताना त्या वळल्या.

"हे तुम्ही मला कशाला सांगितलंत?"

उत्तराची वाट न पाहता त्या बाहेर पडल्या.

त्या दिवशी घरी जाऊन सिस्टरांनी टाइप केलेला कागद फाडला आणि स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला. अकरा ओळी झाल्या. कोणाची बाजू नाही, कोणावर आरोप नाही. काय सांगितलं, काय सांगितलं नाही आणि वर्षापूर्वी काय मागितलं होतं, एवढंच.

सोमवारी त्या समितीच्या दालनाबाहेर बसल्या तेव्हा कळलं की आधी नातेवाइकांना आत घेतलं आहे. पाऊण तासाने दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. वहिनी त्यांच्याकडे नजर न वळवता जिन्याकडे गेल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याला शाई लागलेली होती.

आत पाच जण होते आणि वातावरण सैल झालेलं होतं. एक जण बिस्किट खात होता.

"या, सिस्टर, या," उपअधीक्षक म्हणाले. "तुमचं काम सोपं झालं. बाईंनी स्वच्छ सांगून टाकलं. तुम्ही सगळं नीट समजावलं होतं. जुलाब वाढले तर गोळ्या थांबवून ताबडतोब या, असंही सांगितलं होतं. पण त्यांना वाटलं, औषध अर्धवट राहील, म्हणून त्यांनीच दिल्या. म्हणाल्या, चूक आमचीच."

"त्या खोटं बोलल्या," सिस्टर म्हणाल्या.

"स्वतःच्या विरुद्ध कोण खोटं बोलतं?" बिस्किटवाले म्हणाले.

"मी हे लिहून आणलंय."

उपअधीक्षकांनी अकरा ओळींचा कागद घेतला, वरवर वाचला आणि फाइलच्या तळाशी सरकवला. "राहू दे इथे. पण आता त्याची गरज नाही. बाईंचं निवेदन झालंय, अंगठा झालाय." मग ते इतरांकडे वळून म्हणाले, "ह्यातून एक सुधारणा मात्र करू. पुढल्या महिन्यापासून प्रत्येक पेशंटची सही घ्यायची. 'मला सर्व सूचना समजल्या आहेत.' म्हणजे असा प्रसंग पुन्हा यायला नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. सिस्टरांच्या सेवापुस्तकात काहीही वाईट लिहिलं गेलं नाही. अहवालात उलट 'समुपदेशन समाधानकारक' असा शेरा आला, आणि त्याची एक प्रत त्यांना देण्यात आली.

सिस्टर रोज संध्याकाळी घरून फोन करू लागल्या. हाताखालच्या सगळ्या पेशंटची नावं आणि दिवस त्यांनी एका वहीत उतरवले. पाचवा दिवस, दहावा दिवस. काही जण वैतागत, काही जण उगाच दोन शब्द जास्त बोलत. सह्यांचे छापील फॉर्म आले. सिस्टर प्रत्येक फॉर्मची उलटी बाजू पेशंटकडे करून तिथे मोठ्या अक्षरात जुलाबांचा आकडा लिहीत आणि तो कागद त्याच्याच हातात देत. सहीसाठी मग दुसरा फॉर्म काढत. बाकावरची माणसं सात मिनिटांवरून बोंब मारू लागली. तक्रार वर गेली, एक समज देणारं पत्र आलं. सिस्टरांनी तेही कपाटात ठेवलं.

पण वहिनींनी तसं का सांगितलं, हे त्यांना सोडत नव्हतं. दोन महिन्यांनी एका रविवारी त्यांनी केस पेपरवरून पत्ता काढला आणि गेल्या.

दुसरा मजला. दार उघडंच होतं. खिडकीशी शिलाई मशीन होतं आणि वहिनी एका पँटची खालची घडी शिवत होत्या. बाजूला कपड्यांचा ढीग, प्रत्येकावर माप लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. भिंतीवर चावीवाल्यांचा कामावरच्या ओळखपत्रातला फोटो मोठा करून लावलेला होता. मोठा केल्यामुळे चेहरा पुसट झाला होता.

वहिनींनी मान वर करून पाहिलं, मशीन थांबवलं, आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला आणि स्टुलाकडे बोट केलं. सिस्टर बसल्या.

"तुम्ही तिथे तसं का सांगितलंत?"

"कसं?"

"चूक तुमची म्हणून. मी स्वतः लिहून आणलं होतं. मला नको होता तुमचा उपकार."

"उपकार?" वहिनी हसल्या नाहीत, पण तोंड वाकडं झालं. "मी तुमच्यासाठी केलं असं वाटलं होय तुम्हाला? त्या साहेबांनी मला आधीच विचारलं होतं, सिस्टरांचं काही चुकलं का, सांगा, आम्ही त्यांना काढून टाकू. मी विचार केला, काढलं तर त्या खुर्चीत कोण येईल? एखादी नवी पोर. ती पण म्हणेल, थोडे जुलाब होतात, घाबरू नका. मग तिला शिकायला परत कोणाचा तरी नवरा लागेल." त्यांनी पँट मांडीवर सरळ केली. "तुम्हाला आता कळलंय तरी. माझा गेला तो निदान वापरा."

सिस्टरांनी ग्लास खाली ठेवला.

"माफ केलं असं समजू नका," वहिनी म्हणाल्या. "ते माझ्याकडून व्हायचं नाही. तुम्हाला नाही, मला स्वतःला पण नाही. अजून जेवताना घास उचलला की त्यांचा गाल हाताला लागतो."

खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती चार-पाचदा घरघरली आणि बंद पडली. वहिनींनी शिवलेली बाजू बोटाने दाबून पाहिली.

"फोन करता म्हणे तुम्ही आता लोकांना."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या खालच्या मास्तरांची बहीण आहे तुमच्या गोळ्यांवर. आज करायचेत का कोणाला?"

"चौघांना. घरी गेल्यावर करीन."

"इथून करा," वहिनी म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

सिस्टरांनी पर्समधून वही काढली, चष्मा लावला. पहिल्या घरी सून बोलली; सासूबाईंचं ठीक होतं, तळपाय तेवढे लाल झाले होते. सिस्टरांनी मलम सांगितलं. दुसऱ्या नंबरावर एक रिक्षावाला होता, कष्टाने कमावलेला खणखणीत आवाज. त्याचा अकरावा दिवस होता.

"एकदम मजेत, सिस्टर. पोट जरा ढिलं आहे, बाकी काही नाही."

"जरा म्हणजे?"

"थोडंसंच."

"आकडा सांगा. काल सकाळपासून आज आत्तापर्यंत किती वेळा?"

तो पलीकडे बायकोला विचारत असावा. "ही म्हणते, सात. पण मी खाल्लंच होतं जरा काहीबाही."

"गोळी बंद. आज रात्रीची घ्यायची नाही, उद्याची घ्यायची नाही. तोंड सुकतंय? मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. ताप आला किंवा अजून दोनदा झालं तर लगेच आत भरती व्हायचं, नाहीतर उद्या आठ वाजता माझ्या खोलीवर."

"पण सिस्टर, डॉक्टर म्हणाले होते कोर्स मोडायचा नाही..."

"मी सांगतेय ना. मोडा. बायकोला द्या फोन."

बायकोकडूनही त्यांनी तेच वदवून घेतलं, शब्दाला शब्द. मग त्यांनी फोन ठेवला. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढंच असतं?"

"एवढंच."

"तीन मिनिटंसुद्धा नाही लागली," वहिनी म्हणाल्या.

सिस्टरांनी तिसरा नंबर लावला. कोणी उचलला नाही. त्यांनी वहीत त्यापुढे टिंब केलं.

मशीनचा दोरा तुटलेला होता. वहिनींनी टोक ओठात धरून ओलं केलं आणि सुईत घालू लागल्या. टोक सुईच्या बाजूने निसटलं, परत निसटलं. सिस्टरांनी नकळत हात पुढे केला. वहिनींनी खांदा वळवून सुई त्यांच्यापासून लांब धरली, उजेडाकडे केली आणि डोळे बारीक करून पुन्हा दोरा धरला.

सिस्टरांनी हात मागे घेतला आणि चौथा नंबर लावला.